नव्या माणसाला कळेल असा मॅप

खेळ बघायला आलेल्या नव्या माणसाचा मला मनापासून राग येतो. तो प्रश्न फार विचारतो. हा कोण, तो कुठे गेला, आपले कुठले, निळे की लाल, हा मेला म्हणजे आता परत येणार का. त्याला उत्तर देईपर्यंत फेरी संपलेली असते, आणि मग तो वर तोंड करून विचारतो, झालं? एवढंच? क्रिकेटवाल्यांना हा ताप नाही. त्यांचं मैदान एकच, गोल आणि हिरवं, आणि चेंडू कुठे चाललाय ते कडेवरच्या पोरालाही दिसतं. आमच्या खेळात मैदानं पुष्कळ. त्यांना आम्ही मॅप म्हणतो. काही मॅप खेळणाऱ्याला स्वर्ग आणि बघणाऱ्याला चकवा. काही बघायला सोपे, पण खेळायला उतरलं की लपायला जागा नाही.

यातला कुठला मॅप नव्या प्रेक्षकाला दाखवावा, यावर मी एके काळी तावातावाने बोलत असे. आता खेळत नाही, त्यामुळे बोलायचंही काही कारण नाही. तरी लिहिते, कारण हे कुणाला सांगता येत नाही, आणि घरात तर मुळीच नाही.

खेळ मोबाईलवरचा, गोळीबाराचा, पाच विरुद्ध पाच. एका बाजूचे सगळे पडले की फेरी संपली, आणि वेळ आधी संपली तर चाल करणाऱ्या बाजूची फेरी गेली. पडलेला माणूस त्या फेरीत परत येत नाही. ज्याच्या फेऱ्या जास्त त्याचा मॅप, आणि तीनपैकी दोन मॅप घेईल तो जिंकला. माझ्या आईला हे एका चहात समजलं. बाबांना समजलं नाही, कारण त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ड्रम यार्डाचे सुपरवायझर होते. यार्ड म्हणजे कंपनीच्या मागची मोठी फरशी. तिथे रसायनांचे निळे ड्रम एकावर एक लावलेले, एका बाजूला ट्रक भरायचा ओटा, आणि मध्ये टाकीवर चढायचा लोखंडी जिना. त्या ड्रमांच्या मधून फोर्कलिफ्ट धावायच्या आणि माणसंही चालायची. कुणाच्या पाठीमागून गाडी येताना दिसली की ओरडायचं, हीच बाबांची नोकरी. तसे ते बाकीची कामंही करत असतील, पण आम्हाला घरी ठाऊक होतं ते एवढंच. आयुष्यभर यंत्रांच्या घरघरीत राहून त्यांचे कान अर्धे गेले होते आणि आवाज दुप्पट झाला होता. आम्ही शिवमंदिराच्या बाजूला राहतो. लहानपणी मी मंदिराच्या आवारात खेळत असले तर ते गॅलरीतून ‘बाय, घरी ये!’ अशी हाक मारायचे, आणि आवारातल्या सगळ्या पोरी घरी जायच्या. माझ्या पाळीत एकही माणूस चिरडला नाही, ही त्यांची एकमेव फुशारकी. दुसरी कुठलीच त्यांच्या तोंडून मी ऐकलेली नाही.

मग कंपनी बंद झाली. मालकांनी ती गुजरातला नेली म्हणतात. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले ते बसलेच. ओरडायला काही नव्हतं, म्हणून बोलणंही हळूहळू संपलं. भाजीत मीठ जास्त झालं तरी बोलायचे नाहीत. आई मुद्दाम जास्त घालून बघायची. ताट पुसून उठायचे. त्या काळात त्यांचा चढलेला आवाज मी एकदाही ऐकला नाही, हे ध्यानात ठेवा.

आमचा संघ पाच मुलींचा. कॅप्टन बदलापूरची, माझ्याहून लहान, पण जिभेला धार अशी की मोठे मुलगे तिच्याशी बोलताना आधी खाकरायचे. तिच्या घरी इन्व्हर्टर होता म्हणून सराव तिच्याकडे. तिचे वडील आम्हाला बघून दार लावून घ्यायचे आणि तिची आई पोहे आणून ठेवायची. असं चालू असताना उल्हासनगरची स्पर्धा लागली. तिथल्या व्यापाऱ्यांचा मेळा भरतो, त्यात या वर्षी मुलींच्या संघांचे सामने ठेवले होते. जिंकणारा संघ हैदराबादला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला जाणार होता. राहणं, खाणं, शिकवणारे, सगळं त्यांचं. आमच्यासारख्या मुलींसाठी अशी दारं उघडत नाहीत. उघडतात तेव्हा तिशी ओलांडलेली असते, किंवा हातात लाटणं असतं.

बाबा म्हणाले, “मोबाईलवर ठो ठो करायला हैदराबाद?”

मी म्हटलं, लोक चेंडूला दांडू मारायला लंडनला जातात. आईने मला डोळ्याने गप्प केलं. ती बाबांना म्हणाली, एकदा जाऊन बघू तरी, मग काय ते ठरवा. बाबा म्हणाले, “येतो. पण मला समजलं पाहिजे. पोरगी काय करतेय तेच समजलं नाही, तर तिला कशाच्या भरवशावर पाठवू? समजलं तर जा. नाही समजलं तर तो विषय परत काढायचा नाही.”

बाबा शब्दाला पक्के. त्यामुळे आता माझं हैदराबाद दोन गोष्टींवर अडलं. आम्ही जिंकायला हवं होतं, आणि बाबांना समजायला हवं होतं. मला दुसरी गोष्ट जास्त अवघड वाटत होती. यावरून माझी अक्कल कळते.

मी त्यांना शिकवायला बसले. आधी टीव्हीवर जुना सामना लावला, मेट्रो नावाच्या मॅपवरचा. आमच्या कॅप्टनचा हा हुकमी मॅप. जमिनीखाली तीन मजले, बोगदे, सरकते जिने, तिकीटखिडक्यांच्या मागे खोल्या. खेळणाऱ्याला डोकं लढवायला तिथे मुबलक जागा. बघणाऱ्याला मात्र कोण कुठल्या मजल्यावर आहे तेच कळत नाही. वरचा माणूस खालच्याच्या डोक्यावर उभा असतो आणि पडद्यावर दोघे एकमेकांना चिकटलेले दिसतात. बाबांनी दहा मिनिटं डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाले, “हा लाल माणूस भिंतीतून सरळ दिसतोय. ही मुलगी त्याला मारत का नाही?”

मी म्हटलं, “बाबा, तो तुम्हाला दिसतोय. तिला नाही दिसत. बघणाऱ्यांना सगळे दिसतात, खेळणाऱ्याला फक्त समोरचं दिसतं.”

“मग तिला कुणी सांगत का नाही?”

मी हसले. खरंच हसले, आईसुद्धा हसली. नव्या प्रेक्षकाचा ठरलेला प्रश्न आहे हा. मी म्हटलं, सांगितलं तर खेळ कसला राहील, आणि पुढच्या फेरीकडे वळले. बाबांना माझं उत्तर ऐकू आलं का, हे मी बघितलं नाही. ते उठून गॅलरीत गेले होते.

दुसऱ्या दिवशी बाजार नावाचा मॅप लावला. रंगीत कनाती, गल्ल्या, पतंग, दिसायला देखणा. बाबा म्हणाले, छान आहे, आणि डोळे मिटून घेतले. मला रडू आलं. मी चिडून शेवटचा उपाय म्हणून यार्ड लावला. यार्ड हा आमच्यात नवशिक्यांचा मॅप समजतात. एक उघडी फरशी, दोन्हीकडे ड्रमांच्या रांगा, एका टोकाला ओटा, मध्ये लोखंडी जिना. वरून एका नजरेत सगळा दिसतो. जायला वाटा दोनच, त्यामुळे कोण कुठून येणार ते आधीच कळतं, आणि कोणी पडला की कुठे पडला तेही कळतं. चलाखीला तिथे वाव नाही. आमची कॅप्टन त्याला बालवाडी म्हणायची.

बाबा खुर्चीत पुढे सरकले.

“हे ड्रम चार थर कोणी लावले?” ते म्हणाले. “तीनच्या वर लावायचे नसतात. खालचा दबतो.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“आणि ती मुलगी उभी आहे ना, ती चुकीच्या जागी आहे. जिन्याच्या पाठीमागचं तिथून दिसत नाही. आमच्याकडे तिथे फोर्कलिफ्टवाल्याला हॉर्न सक्तीचा होता.” ते बोलत असतानाच जिन्यामागून लाल माणूस आला आणि त्याने त्या मुलीला पाडलं. बाबांनी मांडीवर थाप मारली. “बघ! म्हटलं ना!”

त्या आठवड्यात त्यांनी यार्डवरचे जितके सामने मिळाले तितके बघितले. जेवताना विचारायचे, ओट्यावर नेहमी एक जण का ठेवतात. मी सांगायचे. ते मान डोलावायचे आणि भाजीत मीठ जास्त असेल तर तेही सांगायचे. आईने एकदा माझ्या डोक्यावरून नुसताच हात फिरवला. घरात माणूस परत आला होता. मला वाटलं, निम्मं हैदराबाद हातात आलं.

आता नियम असा होता की तिसरा, निर्णायक मॅप दोन्ही संघांच्या संमतीने ठरवायचा. आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो, आणि त्याच्या आदल्या दिवशी आयोजकांनी आम्हाला मेळ्यातच बोलावलं. आयोजक सिंधी, उल्हासनगरात मोबाईलची मोठी दुकानं, स्वभाव अगदी मोकळा. आम्हाला दाल-पकवान खायला घातलं आणि म्हणाले, “देखो बेटा, पब्लिक यहाँ पकवान खाने आती है, फिर हॉल में घुसती है. मेरे को ऐसा मॅप चाहिए जो मेरी मिसेस को भी समझे. तुम लोग बताओ, नये आदमी के लिए कौनसा ठीक?”

दुसऱ्या संघाच्या मुली डोंबिवलीच्या. त्या म्हणाल्या, आम्हाला कुठलाही चालेल. आमच्या कॅप्टनने मेट्रो म्हणायला तोंड उघडलं, आणि मी तिच्या आधी बोलले. काय बोलले ते मला चांगलं आठवतं, कारण बोलले ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, नवा माणूस आधी जागा समजून घेतो, मग माणसं, मग खेळ. जागाच कळली नाही तर तो पुढे सरकत नाही. मजले एकावर एक असतील तर तो हरवतो. वाटा पाच असतील तर हरवतो. ज्या मॅपवर त्याला पुढे काय होणार याचा अंदाज बांधता येतो, तिथेच त्याचा श्वास अडकतो, आणि श्वास अडकला की तो आपला झाला. म्हणून यार्ड. आयोजकांनी टाळीच वाजवली. “ये लडकी को मेरे दुकान में बिठाओ,” ते म्हणाले.

बाहेर आल्यावर कॅप्टनने मला एका चादरीच्या स्टॉलमागे ओढलं. “लोकांना समजावं म्हणून आपण हरायचं का? मेट्रोवर आपल्याला कोणी हात लावत नाही, माहितीये ना तुला?”

“यार्डवर पण जिंकू.”

“तुझ्या बाबांसाठी ना?”

मी मान डोलावली. तिने घसरलेली एक चादर गठ्ठ्यावर परत ठेवली. मग म्हणाली, “ठीक आहे. माझ्या पप्पांनी तर यायचंच नाही म्हटलंय. कोणाचे तरी येतायत ना, बस.”

एवढी धारदार मुलगी, आणि तिने हे असं सोडून दिलं. मला तिचे पाय धरावेसे वाटले. तेव्हा धरले नाहीत, आणि आता ती धरू देणार नाही.

सामन्याच्या दिवशी हॉल तुडुंब होता. लोक हातात कागदी बश्या घेऊन उभे. मोठ्या स्पर्धांत खेळणाऱ्यांना काचेच्या बंद खोलीत बसवतात. इथे स्टेजवर दोन टेबलं, मागे भिंतभर स्क्रीन, आमच्या कानात साधे इअरफोन. सामन्याआधी पंचाने माईकवरून सांगितलं की हॉलमधून कोणी खेळाडूला काही सांगू नये, सांगितलं आणि खेळाडूने ऐकलं तर ती फेरी समोरच्या संघाला दिली जाईल. माईक घुमत होता. बाबा तेव्हा मधल्या रांगेत आईसाठी खुर्ची शोधत होते. त्या गलक्यात त्यांच्या कानांवर काय पडणार.

पहिला मॅप आम्ही घेतला, दुसरा त्यांनी. तिसरा यार्ड. मधून मधून मी बाबांकडे बघत होते. ते शेजारच्या अनोळखी बाईला हात करून करून समजावत होते. ती बाई, बहुतेक आयोजकांची मिसेसच असावी, तोंडात बोट घालून ऐकत होती. मला तेव्हा जे वाटलं त्याला सुख म्हणत असावेत. मला समजलं पाहिजे म्हणणारा माणूस दुसऱ्याला समजावत होता.

फेऱ्या बरोबरीत आल्या आणि शेवटची फेरी उरली. आमच्या चौघी पडल्या, कॅप्टनसुद्धा. समोरच्या दोघी राहिल्या आणि इकडे मी एकटी, ओट्यावर. एकीला मी रांगेच्या टोकाशी टिपलं. हॉल ओरडला. आता एकास एक. मी ओट्यावरून खाली उतरले आणि ड्रमांच्या कडेने जिन्यापाशी गेले. माझ्या मागे काय होतं ते मला दिसत नव्हतं. भिंतभर स्क्रीनवर मात्र ती लाल मुलगी जिन्यापाठी वाकून बसलेली सगळ्यांना दिसत होती. हॉल शांत झाला. नवा माणूस, जुना माणूस, सगळ्यांना पुढे काय होणार ते कळलं होतं. मी म्हटलं होतं अगदी तसं, सगळ्यांचा श्वास अडकला होता.

“बाय, मागं!”

तो आवाज इअरफोनच्या आत आला. माझं सगळं बालपण त्या आवाजावर वळलेलं. मी वळले आणि गोळी झाडली, आणि ती पडली.

छत उडेल असा आवाज झाला. आमच्या मुली माझ्या अंगावर पडल्या. मी बघितलं तर बाबा मधल्या रांगेत उभे होते, दोन्ही हात वर, आणि ती शेजारची बाई टाळ्या वाजवत होती. मग पंच टेबलापाशी आला. त्याने विचारलं, आवाज ऐकला का? मी उत्तर देण्याआधी कॅप्टन म्हणाली, नाही ऐकला, तिला पावलं ऐकू आली. पंचाने स्टेजचं चित्रण मागे नेऊन लावलं. आवाज स्वच्छ होता, आणि त्या आवाजाबरोबर माझा वळलेला खांदाही. त्याने फेरी त्यांना दिली. म्हणजे मॅप त्यांना, सामना त्यांना. पंचावर मला राग धरता येत नाही. तो बरोबर होता.

पावलं मला ऐकू आली होती का? जिन्याजवळची फरशी त्या मॅपवर पावलांनी वाजते, आणि मी कान देऊनच चालले होते. आवाज आला नसता तरी वळले असते का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता त्या क्षणात मला पावलंही ऐकू येतात आणि शांतताही. काहीच खात्रीने सांगता येत नाही.

माईकवरचा निकाल बाबांना कळलाच नाही. ते गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी आले. चेहरा असा फुललेला की त्यांचे गालगुच्चे घ्यावेत. “वाचलीस ना! मी बघितलं, जिन्यामागं बसलीये! बरोबर हेरलं मी!” मग त्यांना समोरच्या मुली ट्रॉफी घेताना दिसल्या. “हे काय? मारली तर आपण ना?”

आई त्यांच्या मागे उभी होती. तिने निकाल ऐकला होता, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. बोलली ती कॅप्टन. डोळे पाण्याने भरलेले, आणि आवाज साफ. “काका, टाइम संपला होता. तुम्ही ओरडलात तेव्हा संपलाच होता. थोडक्यात गेलं.”

“अरेरे,” बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पुढच्या वेळी, पोरी.”

रिक्षात ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मला समजलं हं. सगळं समजलं. पुढच्या वेळी जिंकलात की तू जा हैदराबादला, मी आडवा येणार नाही.” मी रिक्षाची दांडी धरून बसले होते. इतके दिवस ज्या वाक्यासाठी जिवाचं रान केलं ते वाक्य मला मिळालं होतं, आणि त्याचं करायचं काय ते समजत नव्हतं. आई बाहेर बघत होती.

सकाळी ती मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “सांगू नकोस त्यांना. त्यांना वाटतंय त्यांनी तुला वाचवलं. कंपनी गेल्यापासून पहिल्यांदा नीट झोपलेत ते.”

सांगणार तरी कशी होते? तुम्ही नाही का कधी आईबापांपासून काही लपवलंत? पण ती तुमची स्वतःची चूक असते. त्यांची चूक त्यांच्यापासून लपवायची तर रोज उठून लपवावी लागते.

कॅप्टनचा एकच मेसेज आला. “वळलीस कशाला?” सराव आपोआप थांबला. ती आता वांगणीच्या पुढे एका फार्महाऊसचं बुकिंग बघते असं ऐकलं. बाकीच्या तिघी कुठे कुठे लागल्या. मी उल्हासनगरात जीन्सच्या होलसेल दुकानात बिलिंगला बसते. दिवसभर कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, एवढं एक बरं आहे.

आणि बाबा? बाबा रोज संध्याकाळी सामने बघतात. आता मेट्रोसुद्धा बघतात, पण नाक मुरडून. “हा नव्या माणसाला नाही,” म्हणतात. “नव्या माणसाला यार्ड दाखवावा.” शिवमंदिराच्या बाकावर जे निवृत्त लोक बसतात त्यांना त्यांनी हा खेळ शिकवला आहे. दोघे तिघे तर आमच्याकडे टीव्ही बघायला येतात. त्यांना ते तो प्रसंग सांगतात, मुलगी जिन्यापाशी कशी एकटी होती आणि मी कसं हेरलं. आवाज पूर्वीसारखा झाला आहे, खालच्या मजल्यावर ऐकू जातो. मी चहा नेते तेव्हा ते माझ्याकडे वळून विचारतात, “मी ओरडलो नसतो तर तू तिथंच मेली असतीस, की नाही?”

“हो, बाबा,” मी म्हणते. ते म्हातारे माझ्याकडे कौतुकाने बघतात.

खेळायचं मी सोडलं ते हैदराबादची जागा हुकली म्हणून नाही. जागा परत आली असती. मी परत खेळले तर बाबा येणार, आणि आले तर ओरडणार. ओरडू नका म्हणायचं तर का ते सांगावं लागणार. यातून मला आजवर वाट सापडलेली नाही. मॅपवर निदान दोन वाटा असतात.

गेल्या रविवारी मी भाकऱ्या थापत होते आणि फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून कोपराने स्पीकर लावला. आयोजक होते. “बेटा, इस साल भी रखा है. वही हॉल, वही हैदराबाद का चान्स. और मॅप भी वही रखेंगे, यार्ड. पब्लिक को बहुत पसंद आया. टीम बना लो, मैं एन्ट्री रोक के रखता हूँ.”

बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी झाला. बाबा दारात येऊन उभे राहिले. “हो म्हण,” ते म्हणाले. “त्या बदलापूरच्या पोरीला पण बोलाव. आणि ऐक, या वेळी मी पुढच्या रांगेत बसतो. मागच्या वेळी फार लांब होतो, म्हणून उशीर झाला. पुढे बसलो की वेळेत ऐकू येईल तुला.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी ती उलटली.

“नहीं अंकल,” मी फोनकडे बघून म्हटलं. “मैं अब नहीं खेलती.”

“अगं, घाबरतेस कशाला?” बाबा म्हणाले. “मी आहे ना बघायला.”